फुंकर मारणारा बाहुला

वाद्य वाजवणाऱ्या यंत्रमानवाची गोष्ट विजेच्या कितीतरी आधी सुरू होते. १२०६ साली अल-जझारी या यंत्रकाराने आपल्या ग्रंथात एका होडीचे वर्णन केले आहे. तीत चार यांत्रिक वादक बसलेले असत आणि पाण्याच्या जोरावर वाजवत. मात्र अशा करामतींत बहुधा सूर एकीकडून निघायचा आणि बाहुली दुसरीकडे नुसते हातवारे करायची.

फ्रान्सच्या जाक द व्होकान्सोंला हे मान्य नव्हते. १७३८ मध्ये त्याने पॅरिसमध्ये माणसाएवढा बासरीवादक लोकांपुढे मांडला. पोटात आपोआप वाजणारी पेटी लपवली असेल, ही शंका कुणालाही यावी. पण हा बाहुला खरोखर आडवी बासरी फुंकत होता. आत नऊ भाते होते आणि त्यांतून कमी-जास्त दाबाची हवा येई. ओठ उघडत, मिटत, पुढेमागे सरकत. जीभ हवेचा झोत अडवी किंवा सोडी. भोके नीट झाकली जावीत म्हणून बोटांना कातडे लावले होते. खुंट्या बसवलेला दंडगोल फिरे आणि त्याच्या तालावर हे सगळे चाले. त्याला बारा धुना येत. त्यासाठी व्होकान्सोंला आधी माणूस बासरी कशी फुंकतो हेच बारकाईने पाहावे लागले, आणि ते सगळे त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे निबंधरूपाने ठेवले. माझ्या मते बाहुल्यापेक्षा तो निबंधच मोलाचा. बाहुला पुढे गहाळ झाला.

१७७४ मध्ये स्वित्झर्लंडच्या झाके-द्रो या घड्याळजी पितापुत्रांची वादिका बाहुली आली. ती स्वतःच्या बोटांनी ऑर्गनच्या पट्ट्या दाबते, वाजवताना तिची छाती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. नशातेलच्या संग्रहालयात ती अजून आहे.

या बाहुल्यांना ठरलेल्या धुनांपलीकडे काही येत नसे. ती अट मोडली जपानच्या वासेदा विद्यापीठात. इचिरो काटो यांच्या गटाचा वाबोट-२ हा यंत्रमानव १९८४ मध्ये पूर्ण झाला. तो कॅमेऱ्याने समोरची स्वरलिपी वाचून हातापायांनी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन वाजवी. पट्टी दाबणे त्या मानाने सोपे, कारण कुणीही दाबली तरी सूर तोच लागतो. बासरीचे तसे नाही; ओठ जरा सरकले की सूर फुटतो किंवा बेसूर होतो. म्हणून १९९० पासून वासेदातच अत्सुओ ताकानिशी यांच्या गटाने फुफ्फुसे, ओठ, जीभ आणि कंप देणारा गळा असलेले बासरीवादक यंत्रमानव घडवायला घेतले. अडीचशे वर्षांनी गाडी पुन्हा व्होकान्सोंच्याच प्रश्नांवर आली होती.

टोयोटाने पुढे ट्रम्पेट आणि २००७ मध्ये व्हायोलिन वाजवणारा यंत्रमानव दाखवला. अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या गिल वाइनबर्ग यांनी वेगळी वाट धरली. त्यांचा यंत्रमानव शिमॉन चार हातांनी मरिम्बा हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवतो आणि सोबतच्या वादकाचे ऐकून त्याला तिथल्या तिथे सुरांतून उत्तर देतो. माणसासारखा तो दिसतही नाही. पण त्याला एक डोके मुद्दाम बसवले आहे, ठेक्यावर डोलण्यासाठी. ते पाहून सोबतच्या माणसांना लय धरता येते.