सर्व्हर डाऊन नाही भो, तुमचंच एक्स्टेन्शन नडतंय

चोपड्याला माझ्या मामेभावाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं सेंटर आहे, पीक विम्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळं तिथे चालतं. एक दिवस दुपारी त्याचा फोन, "भो, साइट तुनाकडे बी बंद शे का?" मी जळगावात बसून मोबाइलवर तीच साइट उघडली तर मस्त चालू. त्याच्याकडे मात्र फॉर्म पूर्ण भरून सबमिट दाबलं की काहीच नाही, एरर नाही, गोल फिरणारं चक्र नाही, बटण म्हणजे नुसतं चित्र. समोर लोकांची रांग आणि हा सगळ्यांना सांगतोय सर्व्हर डाऊन आहे म्हणून.

आपल्याला वाटतं साइट म्हणजे सर्व्हरवरून तयार चित्र येतं. तसं नसतं. येतो तो कच्चा माल, म्हणजे मजकूर, रंगरूपाचे नियम आणि जावास्क्रिप्टचा कोड, आणि पान बांधलं जातं आपल्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला आपण वरून जोडलेला छोटा प्रोग्राम, घुसतं ते इथेच. टाकताना ते परवानगी मागतं की सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचू आणि बदलू, आपण न वाचता हो म्हणतो, आणि मग ते खरंच बदलतं. बँकेच्या पानावरसुद्धा, हे मला अजूनही पटत नाही, पण असो.

आता अ‍ॅडब्लॉकर घ्या, म्हणजे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन. त्याच्याकडे नियमांची लांबलचक यादी असते, ईझीलिस्टसारख्या यादीत तर हजारो ओळी आहेत, आणि पत्ता यादीशी जुळला की ती फाइल तो येऊच देत नाही. जाहिरात अडली तर कोणाचं काय बिघडतं? पण साइटवाल्याने कोड असा लिहिलेला असतो की आधी ट्रॅकिंगवाल्या, म्हणजे आपण पानावर काय करतो ते टिपणाऱ्या फाइलला हाक मारायची आणि मग फॉर्म पाठवायचा, ती फाइल आलेलीच नसते, मग कोड तिथेच आडवा होतो आणि पुढची ओळ चालतच नाही. म्हणून यूब्लॉक ओरिजिनसारखे हुशार ब्लॉकर अशा काही फाइल्सच्या जागी पोकळ डमी ठेवतात, हाकेला ओ देणारी पण काम काहीच न करणारी. क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा आणि पान रिलोड करा, अडवलेल्या फाइलसमोर लाल अक्षरात ब्लॉक्ड बाय क्लायंट असं काहीतरी दिसतं. हा क्लायंट म्हणजे आपणच, सर्व्हर बिचारा मोकळा.

मी भावाला आधी म्हटलं इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या खाजगी विंडोत उघडून बघ, कारण तिथे एक्स्टेन्शन्स आपणहून बंद असतात. तिथे फॉर्म गेला. पण एवढ्यावर निकाल देऊ नये, इन्कॉग्निटोत जुन्या कुकीजपण (साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) नसतात, त्यामुळे गुन्हेगार कुकीपण असू शकते. (फायरफॉक्सवाल्यांना हेल्प मेन्यूत ट्रबलशूट मोड आहे, तो कुकीजला हात न लावता फक्त अ‍ॅड-ऑन्स, म्हणजे तिथली एक्स्टेन्शन्स, आणि काही सेटिंग बाजूला ठेवतो, जास्त सरळ.)

भावाकडे एक्स्टेन्शन्स निघाली १४! कूपनवालं, स्क्रीनशॉटवालं, पीडीएफवालं, दोन तर कोणी टाकली त्यालाच माहीत नाही. एकेक बंद करून बघायला बसला असता तर संध्याकाळ झाली असती. पण घरची केळी आहे, ड्रिप आहे, म्हणून समजवायला सोपं गेलं. कुठेतरी गळती आहे आणि प्रेशर पडलंय तर अर्धे व्हॉल्व्ह बंद करायचे, प्रेशर आलं म्हणजे गळती त्या बंद अर्ध्यात, नाही आलं तर चालू अर्ध्यात, मग त्या अर्ध्याचे परत अर्धे. १४ चे ७, ७ चे ४, ४ चे २, २ चं १, चार फेऱ्यांत काम खतम. फक्त दर वेळी पान रिलोड करायचं, कारण एक्स्टेन्शन बंद केलं तरी पानात त्याने आधी केलेली ढवळाढवळ तशीच राहते. आणि कधीकधी दोघं मिळून गोंधळ घालतात, एकटं एकटं दोन्ही साधू, तेव्हा ही युक्ती फसते.

मला वाटलं होतं कूपनवालं निघेल. निघालं भाषांतरवालं! लोकांना इंग्रजी फॉर्म मराठीत दिसावा म्हणून त्याने हौसेने टाकलेलं. ही भानगड जगभर होते, रिअ‍ॅक्टसारख्या लायब्ररीवर, म्हणजे साइट बांधायच्या तयार कोडवर, बांधलेल्या साइट्स कोणता मजकूर पानात कुठे ठेवला ते स्वतः लक्षात ठेवतात, भाषांतरवालं तो मजकूर उचलून नव्या वेष्टनात मराठी शब्द ठेवतं, आणि साइटचा कोड जुना मजकूर काढायला जातो तर तो जागेवर नाहीच, मग एरर येते आणि बटण मरतं नाहीतर अख्खं पान पांढरं पडतं.

काढून टाक म्हटलं नाही मी, बाकी साइट्सवर त्याला ते लागतंच. एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये साइट अ‍ॅक्सेस म्हणून असतं, तिथे ऑन क्लिक केलं, म्हणजे आपण दाबल्याशिवाय ते पानाला हात लावत नाही. कोणी टाकली माहीत नाही ती दोन मात्र तिथल्या तिथे उडवली. आता त्या फॉर्मवर भाषांतर बंदच असतं, आणि डिक्लेरेशनमध्ये काय लिहिलंय ते भाऊच समोरच्या आबांना वाचून सांगतो, मराठीत पण नाही, थेट अहिराणीत.