हजेरीपटात नाव म्हणजे हत्याकांडात हात?

अमेरिकेच्या युटा प्रदेशात माउंटन मेडोज या कुरणात ११ सप्टेंबर १८५७ रोजी कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं मारली गेली. १७ लहान मुलं तेवढी वाचली. ‘हे पायूट आदिवासींचं आणि एकट्या जॉन ली या मॉर्मन वसाहतकऱ्याचं काम’ ही समजूत खोटी. १८७४ मध्ये नऊ गोऱ्या वसाहतकऱ्यांवर आरोप ठेवले गेले. गोळ्या घालून शिक्षा मात्र एकट्या लीला झाली, १८७७ मध्ये, त्याच कुरणात.

आता दुसरं टोक: स्थानिक मिलिशियाच्या (हल्ल्यात सामील असलेल्या वसाहतकऱ्यांच्या सशस्त्र दलाच्या) हजेरीपटात पणजोबा सापडले, की ते खुनी! पट फक्त भरती सांगतो, त्या दिवशीची हजेरी नाही. आधी त्यांची दहाजणांची तुकडी आणि गाव पाहा, मग जबान्यांत नाव शोधा. साक्ष प्रत्यक्ष पाहिलेली की ऐकीव? साक्षीदाराला स्वतःची मान सोडवायची होती का? क्लिंगेनस्मिथ आरोपी होता, तोच सरकारी साक्षीदार झाला. त्याचं म्हणणं टाकाऊ नाही, पण दुसऱ्या पुराव्याशी ताडूनच घ्यावं.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. आरोपींतला जॉर्ज अडेअर ‘ज्युनिअर’ होता. ते शेपूट गळलं, की मुलाचा गुन्हा बापाच्या खात्यावर.