इंग्रजीतला 'द' आणि आपला 'तो'

"आम्ही मुलगा शोधतोय," असं शेजारच्या काकू म्हणाल्या तर आपण दोन-चार स्थळं सुचवतो. "आम्ही मुलाला शोधतोय," म्हणाल्या तर चपला पायात सरकवून त्यांच्याबरोबर बाहेर पडतो. फरक एका 'ला'चा. पहिल्या वाक्यातला मुलगा अजून ठरायचाय. दुसऱ्यातला कोण ते पक्कं ठाऊक आहे, फक्त तो सापडत नाहीये. इंग्रजीत हेच काम 'अ' आणि 'द' ही आर्टिकल्स करतात.

म्हणून 'मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे आपल्याला ते जमत नाही' हे मला अर्धंच पटतं. नाही हे खरं, आणि त्यात आपण एकटे नाही: मॅथ्यू ड्रायर या भाषाशास्त्रज्ञाने जगभरच्या 620 भाषा तपासल्या, त्यातल्या 198 भाषांत 'अ'ही नाही आणि 'द'ही नाही. पण ठरलेलं आणि न ठरलेलं हा भेद आपण दिवसभर करत असतो, कधी तर नुसत्या शब्दांच्या क्रमाने. 'टेबलावर पुस्तक आहे' म्हणजे 'अ बुक'. 'पुस्तक टेबलावर आहे' म्हणजे 'द बुक'.

खरी गंमत जो-तोच्या वाक्यात आहे. 'जो माणूस काल आला होता, तो माझा मामा आहे.' संस्कृतातल्या 'यः... सः'पासून चालत आलेली ही जोडी: जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा. 'ज'ने ओळख सांगायची, 'त'ने तिच्यावर बोट ठेवायचं. ही सवय इंग्रजीत शिरली की वाक्य होतं, 'द मॅन हू केम यस्टरडे, ही इज माय अंकल.' बाई त्यातला 'ही' लाल शाईने खोडतात. का खोडला, ते बहुधा सांगत नाहीत.

खोडला, कारण 'तो' आधीच येऊन गेलाय. 'द मॅन'मधला 'द' म्हणजेच तो. ही नुसती उपमा नव्हे. 'द' निघाला तो जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामातून, आपल्या तो-ती-तेसारख्या लिंगानुसार बदलणाऱ्या शब्दातून. 'दॅट' हे त्याचंच नपुंसकलिंगी रूप, संस्कृत 'तत्'चं दूरचं भावंड. 'अ' हाही झिजलेला 'वन'च. (या चिमुकल्या शब्दाने उपद्व्यापही केलेत. 'अ नूंपेर' हे लोकांनी भलत्या जागी तोडलं, आणि क्रिकेटला 'अ‍ॅन अंपायर' मिळाला.)

दुसरी नेहमीची चूक: 'व्हिच बुक यू गेव्ह मी, दॅट आय लॉस्ट.' आपल्याकडे प्रश्नाला 'कोणतं' आणि जोडायला 'जे' असे वेगळे शब्द आहेत. इंग्रजीचे 'हू' आणि 'व्हिच' मूळचे प्रश्नाचे, नंतर या कामालाही जुंपलेले. त्यामुळे सुरुवातीलाच 'व्हिच बुक' कानावर पडलं की समोरचा उत्तराच्या तयारीला लागतो. इंग्रजीत नाम आधी, ओळख मागून: 'आय लॉस्ट द बुक दॅट यू गेव्ह मी.'

मात्र ओळख मागे जोडली की पुढे 'द' आलाच, असं समजू नका. 'मी पुण्यात घेतलेलं एक पुस्तक वाचतोय' इथे पुण्यात घेतलेली पुस्तकं दहा असतील, म्हणून 'अ बुक दॅट आय बॉट इन पुणे'. अडलं की मी मनात वाक्य मराठीत म्हणून बघतो. 'जे... ते' सहज बसलं तर 'द', 'एक' बसलं तर 'अ'. दर वेळी नाही, पण पुष्कळदा निभावतं.

राहिला स्वल्पविराम. 'माझा जो भाऊ नागपूरला असतो, तो डॉक्टर आहे' म्हटलं की भाऊ एकाहून जास्त आहेत हे कळतं. 'माझा भाऊ नागपूरला असतो, तो डॉक्टर आहे' यातून तसं काही कळत नाही. आपण 'जो' घालून किंवा गाळून जे साधतो, ते लेखी इंग्रजीत दोन स्वल्पविरामांवर सोपवलेलं असतं: 'माय ब्रदर, हू लिव्ज इन नागपूर, इज अ डॉक्टर.' भाऊ एकुलता एक असेल आणि ते दोन स्वल्पविराम द्यायचे राहिले, तर वाचणारा विचारतो, "आणि दुसरा काय करतो?"