हात कुणी हलवायचा?

पक्षाघातातून सावरणारा माणूस टेबलावरचा लाकडी ठोकळा लुळ्या हाताने उचलू पाहतो आहे. खांदा वर जातो, कोपर थरथरत पुढे सरकतं आणि नेमक्या त्याच वेळी शेजारी बसलेला थेरपिस्ट एक बटण दाबतो. मानेतल्या व्हेगस चेतेभोवती (मेंदूला छाती-पोटाशी जोडणाऱ्या नसेभोवती) बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून अर्धा सेकंद सौम्य वीजप्रवाह जातो. हातापर्यंत त्यातलं काहीही पोचत नाही. प्रवाहाचा संदेश वर, मेंदूकडे जातो. तिथे नॉरॲड्रेनॅलिनसारखी रसायनं पाझरतात आणि आत्ता जे घडलं ते जपून ठेवायचं आहे, असा जणू शेरा मारतात.

एका सत्रात अशी शेकडो वेळा उचलाउचल होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १०८ रुग्णांवरच्या चाचणीत सगळ्यांच्याच शरीरात उपकरण बसवलं होतं आणि सराव सगळ्यांना सारखाच होता. खरी उत्तेजना मात्र निम्म्यांनाच मिळाली. तीन महिन्यांनी त्या गटातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या हातात ठळक सुधारणा दिसली, तर दुसऱ्या गटात ती साधारण पाव रुग्णांत होती. त्याच वर्षी अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. उंदरांवरच्या प्रयोगांत हीच उत्तेजना सराव उरकल्यावर दिली, तेव्हा तितका गुण आला नाही. म्हणजे विजेइतकंच महत्त्व वेळ साधण्याला आहे.

मुळात सरावाला एवढं महत्त्व का, याचं उत्तर माकडांनी आधीच दिलं होतं. १९९६ साली अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ रँडॉल्फ नूडो यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं, की मेंदूतला हात चालवणारा थोडासा भाग निकामी झाला आणि सराव घेतला नाही, तर शेजारचा धडधाकट भागही हाताचं काम सोडतो. पडीक रानाचा बांध शेजाऱ्याने कोरावा, तसे खांदा आणि कोपर तिथे शिरतात. सराव घेतलेल्या माकडांत मात्र हाताची जागा टिकली, काहींत तर वाढली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याच्याही आधी ‘न वापरण्याची सवय’ ओळखली होती. दुबळा हात दोन-चारदा फसला, की माणूस त्याचा नाद सोडतो आणि चांगल्या हातावर भागवतो. टॉब यांचा उपाय आडदांड वाटेल असा होता: चांगल्या हाताला मिटन, म्हणजे बोटं एकत्र झाकणारा हातमोजा, घालून तोच अडवायचा. २००६ साली २२२ रुग्णांवर दोन आठवडे हे करून पाहिलं आणि त्याचा फायदा वर्षभरानंतरही दिसला.

मग हा सराव यंत्रमानवाकडूनच करून घेतला तर? तो थकत नाही, कंटाळत नाही. कल्पना मोहात पाडणारी होती. पण ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, यंत्राच्या मदतीने सराव केलेल्यांचे हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा अधिक कामाचे झाले नाहीत. मला या निकालाचं फारसं नवल वाटत नाही. नुसत्या उजळण्या मोजून भागत नाही. प्रत्येक उजळणीत रुग्णाचा स्वतःचा किती जोर लागला, हेही पाहावं लागतं. अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्यांचे फोटो बघताना हे हटकून विसरलं जातं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसलिन ब्लोक यांच्या गटाचं काम म्हणूनच मला मोलाचं वाटतं. गर्ट-यान ऑस्कम यांच्या मज्जारज्जूला २०११ साली अपघातात मानेपाशी इजा झाली होती. आधी त्यांच्या कमरेजवळच्या मज्जारज्जूला विजेची ठरावीक स्पंदनं दिली जात, आणि पाय त्या तालावर उचलावे लागत. २०२३ साली मांडलेल्या नव्या रचनेत कवटीत बसवलेले इलेक्ट्रोड चालण्याचा मनसुबा टिपतात, संगणक तो उलगडतो आणि मग मज्जारज्जूला स्पंदन जातं. आधी उत्तेजना मला चालवायची, आता मी तिला चालवतो, अशा अर्थाचं ऑस्कम स्वतःच बोलले.

हा एकाच माणसाचा अनुभव आहे, हे खरं. पण या रचनेसोबत सराव केल्यावर ते सगळी यंत्रणा बंद असतानाही कुबड्या घेऊन चालू लागले. बहुधा इजेतून वाचलेल्या थोड्याशा तंतूंनी मधल्या काळात आपली जोडणी बळकट करून घेतली असावी.