लाईट गेली की मेल बुडतो?

खानापूर-बेळगावकडं घरात मेल सर्व्हर (मेल घेणारा-पाठवणारा कॉम्प्युटर) मांडायचं कुणी नाव काढलं की ठरलेलं उत्तर येतं: "पावसाळ्यात करंट गेला की तेवढ्या वेळातले मेल बुडाले म्हणून समज." वर्षानुवर्षं ऐकतोय. खरं नाही.

मेल पाठवणारा सर्व्हर चिवट असतो. दार उघडलं नाही तर तो मेल फेकत नाही, रांगेत ठेवतो आणि पुन्हा येतो. २००८ च्या आरएफसी ५३२१ (मेल कसा पोचवायचा याचे लिखित नियम) प्रमाणे असे हेलपाटे निदान ४-५ दिवस मारायचे असतात, मध्ये किमान अर्ध्या तासाचं अंतर ठेवून. रात्री गेलेली लाईट सकाळी आली की कपाटावरच्या रास्पबेरी पायवर (हा तळहाताएवढा कॉम्प्युटरच माझा सर्व्हर) मेल येऊन पडतात आणि मोबाईल ते आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीने), ९९३ पोर्टवरून (म्हणजे त्या नंबरच्या दारातून), उचलतो. (ओटीपी तोवर शिळा झालेला असतो, ते वेगळं.)

मेख दुसरीकडंच आहे. घरगुती कनेक्शनवर २५ नंबरचा पोर्ट, ज्यातून सर्व्हर एकमेकांना मेल देतात, बरेचदा बंद असतो, आयपी (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलत राहतो. तशा पत्त्यावरून सोडलेला मेल जीमेल स्पॅममध्ये टाकतं, नाहीतर घेतच नाही. म्हणून जाणारे मेल मी भाड्याच्या रिलेवरून (आपले मेल पुढं पोचवणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून) सोडतो. एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असेल, तर येणारे मेलही दारापर्यंत पोचत नाहीत. आधी कनेक्शनवाल्याकडून स्थिर आयपी घ्या.

आणि लाईटीचीच भीती असेल तर ती रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डासाठी बाळगा. लिहिता लिहिता करंट गेला की कार्ड खराब होऊ शकतं, आणि त्यावरचे जुने मेल मात्र कुणी परत पाठवत नाही.