लाटेवरून ओळखायचं अणूंचं नातं

लोहचुंबकातल्या अणूचा स्पिन म्हणजे एक इवलासा चुंबकच. सगळे स्पिन एका दिशेला तोंड करून उभे असताना एकच उलटा फिरवायचा, तर शेजाऱ्यांशी उभा दावा मांडावा लागतो. ऊर्जा फार लागते. फेलिक्स ब्लॉख यांनी १९३० मध्ये स्वस्तातली वाट दाखवली: तो उलटेपणा सगळ्यांनी थोडा थोडा वाटून घ्यायचा. लेझीमच्या रांगेत प्रत्येक जण शेजाऱ्यापेक्षा किंचित उशिरा वाकला की रांगेतून लाट पळते, तसंच. अशा लाटेचा एकेक कण म्हणजे मॅग्नॉन.

ही लाट न्यूट्रॉननी पकडतात. स्फटिकात लाट उठवताना न्यूट्रॉन तेवढी ऊर्जा गमावतो. किती गमावली आणि कुठे वळला, ते मोजायचं. हे तंत्र बर्ट्राम ब्रॉकहाउस यांनी कॅनडातल्या चॉक रिव्हरला घडवलं. त्यांच्याकडे शिकून आलेल्या पी. के. अय्यंगार यांनी ते ट्रॉम्बेत रुजवलं.

आलेख हाती येतो, पण अणूंमधलं बळ त्यावर लिहिलेलं नसतं. ते आधी अंदाजाने धरायचं, त्यातून लाट काढायची आणि मोजलेल्या लाटेशी ताडून पाहायची. गणित अचूक करू म्हटलं, तर अवघ्या ४० स्पिनांच्या मांडण्या एक लाख कोटींवर जातात. म्हणून १९४० मधली होल्स्टाइन आणि प्रिमाकॉफ यांची युक्ती वापरतात: स्पिन थोडाच कलतो असं धरलं, की तो साध्या दोलकासारखा वागतो. मग प्रत्येक लाटेसाठी एक छोटं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, सोडवलं की झालं. ‘स्पिनडब्ल्यू’सारखं सॉफ्टवेअर हे काम लॅपटॉपवर करतं.

खरी गंमत आकडे जुळत नाहीत तिथे असते. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइडचंच घ्या. याच्याच बेरियम मिसळलेल्या भावंडाने १९८६ मध्ये उच्च तापमानाच्या अतिवाहकांचं, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांचं, दार उघडलं. त्यात तांब्याचे अणू चौकटींच्या जाळीत बसतात आणि शेजारचे स्पिन उलटसुलट असतात. बळ फक्त लगतच्या शेजाऱ्यांत धरलं, तर ठरावीक पट्ट्यात लाटेची ऊर्जा सपाट यायला हवी. राडू कोल्डिया आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्लंडातल्या आयसिस या न्यूट्रॉन केंद्रातली मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा तिथे स्पष्ट चढउतार होता. कर्णावरच्या शेजाऱ्यांतही बळ धरून पाहिलं. आकडे जुळले, पण बळाचं चिन्हच उलटं आलं: कर्णावरच्या स्पिनांना एकाच दिशेला वळवणारं. अशा पदार्थात ते पटण्यासारखं नव्हतं.

उत्तर निघालं ते चौघांच्या नात्यात. इलेक्ट्रॉन चौकटीच्या चारही तांब्यांवरून फेरी मारतात आणि त्यातून चार स्पिन एकदम बांधले जातात. ही फेरी गणितात घातली आणि तो चढउतार जुळला.