सोलापुरात कामगार संघटना नोंदवायची आहे? पात्रता आणि कागदपत्रं

पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात दहा-बारा जणच कामाला असतात. मजुरीवाढ एकट्याने मागितली तर दुसऱ्या दिवशी त्या मागावर दुसराच माणूस उभा दिसतो. संघटना लागते ती यासाठी. कुंभारीत बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तीही संघटनेच्या बळावरच.

1926 चा कामगार संघटना कायदा आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये सामावला आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे.

अर्जावर किमान सात सभासदांच्या सह्या लागतात. शिवाय त्या आस्थापनेतले किंवा उद्योगातले 10 टक्के किंवा 100 कामगार, यातला कमी असेल तो आकडा, सभासद हवेत. सातपेक्षा कमी मात्र कधीच चालत नाहीत. 600 कामगारांच्या गिरणीत 60 पुरतात, 1,500 असतील तर 100. ‘किंवा उद्योगातले’ हे शब्द सोलापूरसाठी फार मोलाचे आहेत. माझं मत स्पष्ट आहे: एकेका कारखान्याची वेगळी संघटना काढू नका. शहरभरातले यंत्रमाग कामगार एकत्र करा. शंभर सभासद जमले की नोंदणीपुरती संख्या झाली, आणि सगळा राग एकाच कारखान्यातल्या सात जणांवर निघत नाही.

अर्ज केल्यावर दबावाखाली काही जण मागे हटतात. घाबरू नका. अर्जदारांपैकी निम्म्यांपर्यंत लोक बाहेर पडले तरी तेवढ्याने अर्ज रद्द होत नाही.

अर्ज कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जातो. चौकशीची सुरुवात सोलापूरच्या सहाय्यक कामगार आयुक्त कार्यालयातून करा. सोबत प्रतिज्ञापत्र, संघटनेची नियमावली, ती मंजूर केल्याचा ठराव आणि अर्जदारांना अधिकार दिल्याचा ठराव लागतो. अर्जदारांची नावं, व्यवसाय, कामाचं ठिकाण आणि पदाधिकाऱ्यांची नावं, वय, पत्तेही द्यायचे असतात. संघटना वर्षाहून जुनी असेल तर जमा-मालमत्ता आणि देण्यांचा तपशील जोडा. नाव दुसऱ्या नोंदलेल्या संघटनेसारखं नको.

नियमावलीत उद्देश, वर्गणी, निधी कशावर खर्च होणार, पदाधिकारी कसे निवडायचे आणि काढायचे, हिशेबतपासणी, विसर्जन हे सगळं हवं. ती सभेत मोठ्याने वाचून दाखवा, तेलुगू बोलणाऱ्यांना तेलुगूत समजावून सांगा. न कळलेल्या नियमावर अंगठा घेऊ नका. बाहेरचे, म्हणजे त्या कारखान्यात किंवा उद्योगात स्वतः काम न करणारे, पदाधिकारी एकूण पदाधिकाऱ्यांच्या एक तृतीयांश किंवा पाच, यातल्या कमी आकड्याइतकेच घेता येतात. असंघटित क्षेत्रात निम्म्यापर्यंत चालतात.

घरी बिड्या वळणाऱ्या बायकांनी ओळखपत्र, मजुरीची नोंद असलेलं कार्ड आणि भविष्य निर्वाह निधीचे कागद जपून ठेवावेत. ‘ही आमची कामगारच नाही’ असं कारखानदार म्हणाला, तर हेच पुढे करायचे.

नोंदणी झाली की संघटनेच्या नावाने मालमत्ता घेता येते, दावा लावता येतो. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील, तर हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार जिच्याकडे तीच वाटाघाटी करते. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद बनते. म्हणून सभासद नोंदवही आणि वर्गणीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून नीट ठेवा.

जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या संघटनांची नोंदणी कायम राहते. त्यांनी संहितेप्रमाणे सुधारलेली नियमावली निबंधकांकडे द्यायची आहे. हिशेबाचं विवरणपत्र मात्र नव्या-जुन्या सगळ्यांनीच दरवर्षी पाठवायचं.